वर्षभराचं विणकाम आणि माझी मोजायची सवय

काल संध्याकाळी विणकामाचा खण आवरायला घेतला आणि आवरायचं राहिलं बाजूला, वर्षभरात जे जे झालं ते सगळं पलंगावर मांडून बसले. एक स्वेटर. मोज्यांचे तीन जोड, त्यातले दोन आता दुसऱ्यांच्या पायात आहेत पण त्यांच्या लोकरीचे उरलेले छोटे गुंडे माझ्याकडे आहेत. बाळाचं क्रोशाचं पांघरूण, ते बहिणीकडे असल्यामुळे फक्त फोटोत. क्रोशाचे दोन गोल रुमाल, एक छोटा हत्ती, क्रॉस स्टिचची एक फ्रेम, आणि सुयांवर अजून अर्धी असलेली एक मोठी शाल. आधीच्या वर्षांपेक्षा संख्येनं कमीच आहे हे. पण बघता बघता जाणवलं की यातली एकेक वस्तू मला कुठल्या ना कुठल्या आकड्यानं आठवतेय. स्वेटर म्हटलं की ८. रुमाल म्हटले की ६. फ्रेम म्हणजे ९३९, शाल म्हणजे ५७६. असं याआधी कधीच झालं नव्हतं.

मी लहानपणी आजीच्या शेजारी बसून विणायला शिकले आणि तेव्हापासून जे विणलं ते हाताच्या अंदाजानं विणलं. मफलर, टोप्या, चौकोनी तुकडे जोडून केलेली पांघरुणं. मफलर दोन बोटं जास्त रुंद झाला तर कुणाचं काही अडत नाही आणि टोपी ताणली जाते, त्यामुळे अंदाज चुकतोय हे कधी कळलंच नाही. या वर्षी मी ठरवून अशी कामं घेतली ज्यात माप लागतं, अंगात बसायला हवं, पायात बसायला हवं, दोन कडा एकमेकींना येऊन मिळायला हव्यात. आणि पहिल्याच कामाला कळलं की हात कितीही बसलेला असला तरी त्याला सेंटिमीटर कळत नाही.

स्वेटरचं सविस्तर सांगते कारण त्यातून मी सगळ्यात जास्त शिकले. पॅटर्न अमेरिकन होता, त्यात लिहिलेलं, सुई ८ नंबर, १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके. आजीच्या सुया माझ्याकडे आहेत, करड्या ॲल्युमिनियमच्या, डोक्यावरच्या चकतीवर नंबर उमटवलेले, आणि त्यात ८ नंबरची जोडी होती, चकतीवरचा ८ बोटानं चाचपला तरी लागतो अजून. मला इतका आनंद झाला की मी त्याच बसल्या बैठकीत ९० टाके घातले आणि पाठ सुरू केली. खाली दोन सुलट दोन उलटची बॉर्डर, त्याच्यावर साधंच, एक सुई सुलट एक सुई उलट. वीण सुरेख येत होती, घट्ट आणि एकसारखी, रोज रात्री थोडं थोडं करत तीन आठवड्यांत पाठ झाली, बगलेत टाके कमी केले, खांद्याचे टाके बंद केले, पसरून मोजपट्टी लावली तर रुंदी ४३ सेंटिमीटर. हवी होती ५०. आणि पुढचा भागही तेवढ्याच टाक्यांचा, म्हणजे घेरात १४ सेंटिमीटरची तूट.

दोन दिवस कारणच सापडेना. लोकर पॅटर्नमध्ये सांगितलेल्या जाडीचीच होती, टाके बरोबर ९० होते, तीनदा मोजले. मग १० सेंटिमीटरमध्ये मोजले तर १८ च्या जागी २१ निघाले, आणि मग सुईकडे संशय गेला. तर भानगड अशी आहे की जुन्या ब्रिटिश नंबरात आकडा जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, ८ नंबर म्हणजे ४. ती पद्धत तारेच्या गेजवरून आलेली आहे, तारेतही नंबर वाढला की तार बारीक होते. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात, आकडा वाढला की सुई जाड, आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. आजीच्या सुया ब्रिटिश नंबराच्या आणि पॅटर्न अमेरिकन. एका मिलिमीटरचा फरक, एका टाक्यात दिसतसुद्धा नाही, ९० टाक्यांत तो ७ सेंटिमीटर झाला.

तेव्हापासून मी सुईचा नंबर बघतच नाही, मिलिमीटर बघते. भोकं पाडलेली मापाची पट्टी मिळते, सुई ज्या भोकातून अंगाबरोबर जाते ते तिचं माप. एका रविवारी आजीच्या सगळ्या सुया त्या पट्टीतून काढल्या आणि प्रत्येक जोडीला मिलिमीटर लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवली. जुन्या सुया ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे एकदा कराच, अर्ध्या तासाचं काम आहे.

पाठ उसवली. उसवलेली लोकर अगदी कुरळी होते, प्रत्येक टाक्याचा बाक तिच्यात राहतो, आणि ती तशीच परत विणली तर वीण ओबडधोबड येते. म्हणून ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लड केली, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधली, अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवली, टॉवेलात दाबून पाणी काढलं आणि सावलीत टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर लोकर सरळ. मला ते बघून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही, तीन आठवड्यांचे टाके त्या लोकरीतून निघून गेले होते आणि लोकर पुन्हा नव्यासारखी.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, तुझी आजी आधी हातभर तुकडा विणायची, तो धुऊन वाळवायची आणि मग टाके घालायची. तू रोज बघायचीस की." मी बघायचे खरं. मला वाटायचं आजी लोकरीचा रंग जातो का ते बघतेय.

तर यावेळी तुकडा विणला, ५ मिलिमीटरच्या सुयांवर, चांगला १५ सेंटिमीटरचा, कारण कडेचे टाके ओढले जातात आणि मोजायचं असतं ते मधल्या भागात. १८ टाके आले, बरोब्बर. मग धुतला, वाळवला, परत मोजला तर १७. ही लोकर सुपरवॉश होती. साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून ती वॉशिंग मशीनमध्ये आटते. सुपरवॉशमध्ये ते खवले रसायनानं बोथट करतात आणि बहुतेक वेळा वरून पातळ थर देतात, त्यामुळे ती आटत नाही, पण तंतू एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत आणि पाण्यात गेलं की कापड पसरतं. १७ टाक्यांच्या हिशोबानं माझा स्वेटर घेरात १०६ सेंटिमीटर झाला असता, १०० च्या ऐवजी, आणि तोही पहिल्या धुण्यानंतर, म्हणजे सगळं शिवून झाल्यावर. सुई बदलली, ४.५ मिलिमीटर घेतली, परत तुकडा, परत धुणं, आणि धुतल्यावर १८. मग कुठे ९० टाके घातले.

दुसऱ्या बाहीला लोकर संपली ते वेगळंच. त्याच कंपनीची, त्याच रंगाच्या नंबरची नवीन लोकर घेतली, घरी येऊन लेबलवरचा डाय लॉट बघितला तर वेगळा. एकाच रंगाचं नाव असलं तरी प्रत्येक घाणा वेगळा रंगवलेला असतो आणि त्यात किंचित फरक पडतो. गुंडे शेजारी ठेवले तर कळतही नाही पण विणल्यावर जिथं लोकर बदलली तिथं आडवी रेघ दिसते. बाही कोपरापर्यंत उसवली आणि तिथून पुढे दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नवीन लोकरीच्या असं मनगटापर्यंत केलं, सरमिसळ झाली की डोळ्याला फरक पकडता येत नाही. आता त्या बाहीवर कुणी बोट ठेवून दाखवावं कुठे बदललंय. मला माहितीये, पण मलासुद्धा आता शोधावं लागतं.

क्रोशाकडे या वर्षी बऱ्याच काळानं परत आले, बहिणीला बाळ झालं म्हणून. पॅटर्न आवडला तो इंग्लंडचा होता आणि तिथं दुसरा गोंधळ. अमेरिकन भाषेत सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश लोक डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. शब्द तेच, टाके वेगळे. मी बरीचशी व्हिडिओ बघून शिकलेली, त्यामुळे डबल क्रोशे वाचलं की माझा हात आपोआप खांब, म्हणजे उंच टाका, घालायला जातो, आणि इथं हवा होता मुका खांब, म्हणजे बुटका, घट्ट टाका. बारा ओळी झाल्या तेव्हा बघितलं तर पांघरूण जाळीसारखं विरळ, मी त्यात करंगळी घातली तर आरपार गेली, बाळाची बोटं त्यात अडकतील या विचारानं लगेच उसवलं. क्रोशे उसवणं फार सोपं असतं हे एक बरं, हुक काढून धागा ओढायचा आणि तो सरसर येतो.

यावर मी जे करते ते सांगते. कुठलाही क्रोशाचा पॅटर्न हातात आला की आधी तो मराठीत उतरवून काढते, वहीत, हातानं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. आपल्याकडे मुका खांब म्हणजे मुका खांबच, तो कुठल्याही देशात गेला तरी खांब होत नाही. उतरवून काढताना पॅटर्न कळतोही, नुसता वाचताना कळत नाही तेवढा. आणि चिन्हांचा चार्ट असेल तर अजूनच छान, साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली किंवा अधिकचं चिन्ह, खांबाला इंग्रजी टी आणि त्याच्या दांड्यावर एक तिरपी रेघ. जपानी पॅटर्नमधलं एक अक्षर वाचता येत नाही मला पण दुसरा रुमाल जपानी चार्टवरून केलाय.

रुमालांचं थोडं जास्त लिहिणार आहे कारण त्यांनी मला आठवडाभर झपाटून टाकलं होतं. पहिला रुमाल मी मनानंच सुरू केला होता, मध्यापासून गोल गोल मुके खांब, आणि अंदाजानं टाके वाढवत गेले. सात आठ फेऱ्यांनंतर कडेला लाटा यायला लागल्या, टेबलावर सपाट बसेचना, झालर लावल्यासारखा उचलला जायला लागला. दुसऱ्यांदा कमी वाढवले तर वाटी झाली. मग वाचलं की मुक्या खांबात प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवायचे, ६, १२, १८, २४, आणि खांबात प्रत्येक फेरीत १२. पण ६ च का हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि मला ते सुटेना.

मग एका रात्री कागदावर वर्तुळं काढत बसले आणि उलगडलं. मुका खांब जवळपास चौकोनी असतो, जेवढा रुंद तेवढाच उंच. एक फेरी घातली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढते, आणि त्रिज्या एकनं वाढली की परीघ दोन पायनं (२π) वाढतो, म्हणजे ६.२८. म्हणून सहा! खांब साधारण दुप्पट उंच असतो म्हणून बारा. शाळेत हे सूत्र किती वेळा लिहिलं असेल, पण ते माझ्या हातातल्या हुकाला लागू आहे हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि रात्री साडेअकराला मी एकटीच टेबलाशी बसून हसत होते.

आणि ज्या लाटांमुळे मी तो पहिला रुमाल उसवायला निघाले होते त्या लाटांनाही गणितात नाव आहे. जितके हवेत त्यापेक्षा जास्त टाके सतत वाढवत गेलं की जो पृष्ठभाग तयार होतो तो हायपरबोलिक. गणितवाल्यांना हा पृष्ठभाग हातात धरता येईल असा करून दाखवणं अवघड जात होतं, कागदाचे नमुने लगेच फाटायचे, आणि १९९७ मध्ये दाइना ताइमिना या लाटव्हियात जन्मलेल्या, कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या गणितज्ञ बाईंनी तो क्रोशानं विणला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, बस एवढाच नियम. पुढं २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी त्याच पद्धतीनं क्रोशाचे प्रवाळ विणायला सुरुवात केली आणि जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात आपापले तुकडे विणून दिले, कारण खरे प्रवाळही असेच लाटालाटांचे असतात. मी तो लाटांचा रुमाल उसवला नाही. अजून चार फेऱ्या वाढवल्या, प्रत्येक दुसऱ्या टाक्यात एक जास्त, आणि आता तो खिडकीत ठेवलाय, गच्च दुमडलेला, हातात घेतला की फुलासारखा उघडतो.

हत्तीबद्दल फार काही नाही, तोच सहाचा हिशोब, सहानं सुरू करायचं, ३६ पर्यंत वाढवायचं, मध्ये काही फेऱ्या तसंच जायचं आणि मग सहासहानं कमी करत यायचं. फेरी जोडत नाही यात, गोगलगायीसारखं फिरत जातं, म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात मार्कर, म्हणजे खुणेची कडी, अडकवायचा आणि तो प्रत्येक फेरीला वर सरकवायचा. सोंड जरा डावीकडे गेलीय. तशीच गोड दिसते.

मोजेही तीनही जोड ६४ टाक्यांचे, अडीच मिलिमीटरच्या सुयांवर. टाच वळते ती वेळ मला विणकामातली सगळ्यात आवडती, सरळ नळी विणत असता आणि अर्ध्या टाक्यांवर मागेपुढे मागेपुढे करता करता अचानक हातात खोलगट वाटीसारखी टाच तयार होते. बोटांपाशी उरलेले १२ आणि १२ टाके सुईदोऱ्यानं एकमेकांत विणून बंद करतात, त्याला किचनर म्हणतात, आणि तिथं मी अजूनही मोठ्यानं म्हणत म्हणत करते, पुढची सुलट काढ उलट ठेव, मागची उलट काढ सुलट ठेव, तेव्हा घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. एक उपयोगाची गोष्ट, १०० ग्रॅमची लड असेल तर सुरुवातीलाच वजनकाट्यावर ५० आणि ५० करून घ्या. दुसरा मोजा अर्ध्यात अडकणार नाही याची खात्री असली की तो सुरू करायला मन तयार होतं.

क्रॉस स्टिच मला सगळ्यात अवघड गेलं. विणकामात हात पुढं जातात आणि डोकं थोडं मोकळं असतं, फुलीटाक्यात प्रत्येक टाक्याला डोळा लागतो. चित्र होतं रात्रीचं आकाश आणि त्यावर पानं गळून गेलेलं मोठं झाड, १४० टाके रुंद आणि ११२ उंच, १४ काउंटच्या आयडा कापडावर. १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ फुल्या, म्हणजे १० इंच बाय ८ इंच, आणि चौकटीत ताणायला चारी बाजूंनी ३ इंच सोडून कापड १६ बाय १४ घेतलं. एकूण फुल्या १५,६८०. हा गुणाकार मी सुरुवातीला केला नाही ते बरं झालं, शेवटाला केला आणि खूप छान वाटलं.

फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला हवा एवढं तरी मला आधीपासून माहीत होतं, नाहीतर उजेड वेगवेगळा पडतो आणि चित्र डागाळल्यासारखं दिसतं. दहा दहाच्या चौकटी आधीच कापडावर आखून घेतल्या, मासे पकडायच्या बारीक नायलॉन दोऱ्यानं, तो काम झाल्यावर अलगद ओढून काढता येतो. पाण्यानं जाणारं पेनही चालतं पण मग आधी धुवायचं आणि नंतरच इस्त्री, उलटं केलं तर रेघा पक्क्या बसू शकतात.

मी चुकले ते दोऱ्यात. डीएमसी कंपनीच्या दोऱ्यात ३१० म्हणजे काळा आणि ९३९ म्हणजे अगदी गडद निळा, इतका गडद की पिवळ्या दिव्याखाली दोन्ही शेजारी धरले तरी कळत नाहीत. झाडाला ३१० होता आणि आकाशाच्या सगळ्यात खोल भागाला ९३९. दोन्हींचे पदर काढून बॉबिनवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या छोट्या पट्टीवर, गुंडाळून ठेवले होते आणि एका बॉबिनची चिठ्ठी गळून पडली. सलग तीन रात्री मी एक अख्खी फांदी विणली, तिला पुढं डहाळ्या फुटतात तो भाग, सगळ्यात नाजूक. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी हुप, म्हणजे कापड ताणून धरायचं कडं, नेला आणि उन्हात ती फांदी निळी दिसली.

सगळ्यांनी सांगितलं राहू दे, कुणाला कळतंय. आणि खरंच, फ्रेम भिंतीवर लागल्यावर कुणाला कळलं नसतं. पण बाकीचं झाड काळं असताना एकच फांदी आकाशाच्या रंगाची असेल तर ती आकाशात विरघळून जाते, आणि त्या चित्रात जे काही आहे ते झाडाच्या त्या कडेत आहे. दोन संध्याकाळी लागल्या काढायला. मागच्या बाजूनं दर तीनचार टाक्यांनंतर छोट्या कात्रीनं कापायचं, चिमट्यानं एकेक तुकडा ओढायचा, कापडाचा धागा कापला जाऊ नये म्हणून श्वास धरून. निळे कुसकर राहतात भोकांत, ते चिकटपट्टीनं उचलले. मग परत ३१०, भर दुपारी, खिडकीपाशी बसून. आता गडद रंग मी फक्त दिवसाउजेडी हातात घेते आणि बॉबिनवर नंबर दोन्ही बाजूंना पेननं लिहिते.

मध्ये जवळजवळ पाच आठवडे काहीच केलं नाही, उजवं मनगट दुखत होतं. आता अर्धा तास झाला की सुया खाली ठेवते, गजर लावून, टाका अर्धा असला तरी.

आणि शाल. ही एलिझाबेथ झिमरमन यांच्या कल्पनेवरची पाय (π) शाल आहे. या बाई इंग्लंडमध्ये १९१० साली जन्मल्या, नंतर अमेरिकेत राहिल्या, १९९९ साली गेल्या, आणि विणणाऱ्याला पॅटर्नवर अवलंबून राहावं लागू नये म्हणून त्यांनी जेवढं केलं तेवढं फार थोड्यांनी केलं असेल. गोल शालीत दर फेरीला टाके वाढवत बसायची गरज नाही असं त्यांचं म्हणणं. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, मग टाकेही तेव्हाच एकदम दुप्पट करा. ९ टाक्यांनी सुरुवात, लगेच १८, मग ३ फेऱ्या आणि ३६, मग ६ फेऱ्या आणि ७२, मग १२ फेऱ्या आणि १४४, मग २४ फेऱ्या आणि २८८, मग ४८ फेऱ्या आणि ५७६. मधल्या फेऱ्यांत काहीच वाढवायचं नाही त्यामुळे तिथं कुठलीही नक्षी बसवता येते. रुमालात मला हाच पाय भेटला होता, तिथं दर फेरीला सहासहानं, इथं लांब लांब थांबून एकदम दुपटीनं. मी रुमाल आधी केले नसते तर शालीचं गणित माझ्या डोक्यात एवढं पटकन शिरलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

नक्षी मी शेटलंडची जुनी लाटांची घेतलीय, १८ टाक्यांची. दोन टाके एकत्र सुलट असं तीनदा, मग धागा पुढे एक सुलट असं सहादा, परत दोन एकत्र तीनदा. सहा टाके कमी होतात, सहा वाढतात, १८ चे १८ राहतात. चारातल्या एकाच फेरीत हे करायचं, बाकी तीन साध्या. २८८ मध्ये १८ बरोबर सोळा वेळा बसतात, ५७६ मध्ये बत्तीस वेळा.

क्रोशात एका वेळी एकच घर उघडं असतं, ते सुटलं तरी परत पकडता येतं, क्रॉस स्टिचमध्ये कापडच सगळं धरून असतं. सुयांवरच्या जाळीत २८८ च्या २८८ टाके उघडे असतात आणि एक सुटला की खाली किती फेऱ्या घरंगळेल सांगता येत नाही, आणि जाळीदार नक्षी उसवून परत सुयांवर घेणं मला अजून जमत नाही. म्हणून दर आठ फेऱ्यांनी सुईतून एक गुळगुळीत सुती दोरा सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवते, त्याला लाइफलाइन म्हणतात, चुकलं तर तिथपर्यंत उसवायचं, दोऱ्यावर टाके थांबलेले असतात. २८८ च्या भागात एकदाच गरज पडली. एका नक्षीत १७ टाके निघाले, शोधलं तर दोन फेऱ्यांखाली धागा पुढे घ्यायचा राहिला होता, आणि मी दुरुस्त करायला जाऊन शेजारचे दोन टाकेही सोडले. लाइफलाइन पाच फेऱ्या खाली होती. १,४४० टाके उसवले आणि रात्री शांत झोपले, कारण कुठं थांबायचं ते माहीत होतं.

त्यानंतर दर १८ टाक्यांना एक मार्कर आहे. आजी असलं काही वापरायची नाही, ती दर दहा सुयांना लाल दोऱ्याची एक गाठ मारायची कडेला, आणि मोजताना तिच्याशी कुणी बोललं तर उत्तर न देता एक बोट वर करायची. परवा मी तेच केलं, फोन वाजत होता आणि आई बाहेरून हाक मारत होती आणि मी बोट वर केलं, आई दारात आली, बघितलं आणि काही न बोलता परत गेली.

५७६ च्या भागाच्या अकरा फेऱ्या झाल्यात. एका फेरीला आता चाळीस मिनिटं लागतात म्हणजे मध्ये एकदा गजर वाजतोच. या भागात किती फेऱ्या करायच्या ते लोकर किती पुरते त्यावर ठरेल, रोज रात्री गुंडा वजनकाट्यावर ठेवते, काल १३८ ग्रॅम होता, फेरीला साधारण ३ ग्रॅम जातात आणि टाके बंद करायला कडेच्या निदान तिप्पट लोकर बाजूला ठेवायला हवी. मग ती भिजवून टाचण्यांनी ताणायची आणि तेव्हा जाळी उघडेल, आत्ता तर सुयांवर नुसता चुरगळलेला ढीग दिसतोय. हे लिहायला बसले तेव्हा बाराव्या फेरीत सतराव्या मार्करपाशी थांबले होते. परत उचलायच्या आधी तेवढे १८ पुन्हा मोजते.